पुरानंतर किंवा वादळानंतर कोकणात गावी मदतीला जाताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातील नारळ-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीने चिपळूण व सावित्री नदीने महाड पाण्याखाली घातले. अशा वेळी मुंबई-पुण्यातील चाकरमानी गावाकडे धावतो, ते स्वाभाविकच आहे. परंतु पहिल्या दिवसांत तो पाहुणा ठरण्याचा धोका असतो. ज्या घरात चुलीपर्यंत पाणी आले, तेथील काकूंना आपल्यासाठी आणखी चार भाकऱ्या थापाव्या लागू नयेत, म्हणून शिधा, पिण्याचे पाणी आणि अंथरूण स्वतःचे न्यावे.

निघण्यापूर्वी सरपंच किंवा पोलीस पाटील यांना फोन करून रस्ता चालू आहे का आणि नेमके काय हवे, ते विचारावे. २०२१ च्या पुरात कोकण रेल्वे थांबली होती आणि महामार्गावरील वाशिष्ठीचा पूलही खचला होता. फावडी, घमेली, खराटे, गमबूट, ताडपत्री, ब्लीचिंग पावडर या वस्तू बहुधा कमी पडतात. जुने कपडे मात्र नेऊ नयेत. त्यांचे ढीग शाळेच्या पडवीत भिजत पडतात आणि शेवटी तेही गावालाच उचलावे लागतात.

घरातला गाळ काढण्याची घाई होते, पण पंचनाम्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे आणि वाहून आलेल्या सामानाचे फोटो काढून ठेवावेत. गाळ ओला असतानाच काढावा, कारण एकदा सुकला की तो फावड्याला दाद देत नाही. मातीच्या भिंती पाणी ओसरल्यानंतरही ढासळू शकतात, त्यामुळे फुगलेल्या किंवा कललेल्या भिंतीजवळ मुलांना थांबू देऊ नये. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये, आणि लेप्टोच्या (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच विचारावे. विहिरीचे पाणी उपसून, आरोग्यसेवकाने सांगितलेल्या प्रमाणात ब्लीचिंग टाकल्यावरच वापरावे. छपरावर कामाचा सराव नसलेल्याने चढू नये. सिमेंटचा पत्रा पायाखाली सहज फुटतो. सराव नसलेल्याने खाली उभे राहून कौले हातोहात वर द्यावीत.

चाकरमान्याचा खरा उपयोग कागदपत्रांत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणात एकेका सातबाऱ्यावर आजोबा, चुलते, आत्या आणि त्यांची मुले अशी नावांची रांग असते. त्यातील निम्मी माणसे बोरिवली, डोंबिवली, बदलापूर येथे राहतात आणि काही हयातही नसतात. नुकसानभरपाईच्या वेळी सहहिस्सेदारांच्या संमतीचा प्रश्न येतो, आणि गावात राहून बाग राखणारा भाऊ नेमका तेथेच अडकतो. अशा संमतीपत्रावर सर्वांच्या सह्या गोळा करणे हे काम शहरातील माणूसच सोप्या रीतीने करू शकतो. जेथे वारसनोंद राहून गेली आहे, तेथे मृत्यूचे दाखले शोधून तलाठ्याकडे अर्ज द्यावा. पीकपाहणीत नारळ-पोफळीची नोंद आहे का, घराचा नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीचा) उतारा कोणाच्या नावे आहे, बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हेही पाहावे. कागद भिजले असतील, तर सातबारा ऑनलाइन काढता येतो. पंचनाम्याच्या दिवशी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतील, तेव्हा घरचे एक माणूस हजर असावे, लिहिलेले वाचून मगच सही करावी आणि पंचनाम्याचा फोटो घ्यावा. शेजारच्या एकट्या आजींच्या घरीही त्याच वेळी उभे राहावे; बंद घरे आणि एकटी माणसे यांची नोंद सुटण्याची शक्यता अधिक असते.

परतल्यावर रक्कम खात्यात जमा झाली का, याचा पाठपुरावा चालू ठेवावा. पोफळीचे नवे रोप लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सहा वर्षे जातात, तेव्हा बागायतदार नातलगांना मदत करायची असेल, तर एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी रोपे, खत आणि मजुरी यांचा वर्षावर्षाचा वाटा भावंडांनी आपसात ठरवून घ्यावा.