शंखपुष्पीची उंदरांवर चाचणी : चिंता आणि नैराश्यासाठी

काष्ठौषधींच्या दुकानात शंखपुष्पी मागितली की हाती नेमकं काय येईल याचा भरवसा नाही. आयुर्वेदिक फार्माकोपियात कॉन्व्हॉल्व्हुलस प्लुरिकॉलिसचं पंचांग (मुळासकट संपूर्ण झाड) सांगितलं आहे. पण त्याच नावाखाली निळ्या फुलांची विष्णुक्रांता खपते आणि केरळात तर गोकर्णालाच शंखपुष्पी म्हणतात. म्हणून फुलासकट ताजं झाड आणा, हर्बेरियम शीट (दाबून वाळवून कागदावर लावलेला नमुना) करा आणि पुण्यातल्या बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या ठिकाणी ओळख पटवून व्हाउचर नंबर (त्या नमुन्याचा नोंद क्रमांक) घ्या. पूड करून झाल्यावर नेलंत तर फारसा उपयोग नाही.

प्राणी-प्रयोगाचा फॉर्म बी भरून संस्थेच्या प्राणी-नीती समितीची (आयएईसी) मंजुरी आधीच घ्यायची, हे वेगळं सांगायला नको.

सावलीत वाळवलेली जाडसर पूड १०० ग्रॅम, ७० टक्के इथेनॉल १ लिटर. अधूनमधून हलवत ३ दिवस भिजत ठेवा. गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र) ४५ अंश सेल्सिअसखाली आटवा. अर्क काकवीसारखा चिकट येतो आणि हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणारं बंद भांडं) ठेवा. नाहीतर आठवड्याभराने वजन करताना तुम्ही अर्काबरोबर पाणीही मोजत असता.

तीव्र विषबाधेच्या चाचणीत (ओईसीडीची मार्गदर्शिका ४२५) २००० मिग्रॅ/किलोला मृत्यू नसेल, तर १००, २०० आणि ४०० मिग्रॅ/किलो हे डोस घ्या. डोसाचं आकारमान १० मिली/किलो. २५ ग्रॅमच्या उंदराला २०० मिग्रॅ/किलो म्हणजे ५ मिग्रॅ, ०.२५ मिलीत, म्हणजे सस्पेन्शन २० मिग्रॅ/मिली हवं. अर्क ज्यात मिसळायचा ते ०.५ टक्के सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) आदल्या रात्रीच कोमट पाण्यात भुरभुरवून फुगू द्या, घाईत केलं की गुठळ्या होतात. प्रत्येक डोसाआधी बाटली हलवा. अर्क तळाशी बसला तर पहिल्या आणि शेवटच्या उंदराचा डोस एक राहत नाही.

गट पाच : व्हेइकल (अर्काविना नुसतं सीएमसी), स्टँडर्ड (तुलनेसाठी माहितीतलं औषध) आणि अर्काचे तीन डोस, प्रत्येकी ८ स्विस अल्बिनो उंदीर. चिंतेसाठी स्टँडर्ड डायझेपाम १ मिग्रॅ/किलो, नैराश्यासाठी इमिप्रामिन १५ मिग्रॅ/किलो, दोन्ही पोटात इंजेक्शनने ३० मिनिटं आधी; अर्क तोंडाने ६० मिनिटं आधी. सुई टोचल्याचा ताण एकाच गटाला नको, म्हणून बाकीच्यांनाही सलाइन टोचा आणि स्टँडर्ड गटाला तोंडाने व्हेइकल द्या.

चिंतेसाठी एलिव्हेटेड प्लस मेझ : उंचावर ठेवलेला अधिक चिन्हाच्या आकाराचा मंच, दोन हात उघडे, दोन बंद; चिंता कमी झाली की उंदीर उघड्या हातात जास्त जातो. हात ३० × ५ सेंमी, बंद हातांच्या भिंती १५ सेंमी. ५ मिनिटं निरीक्षण. चारही पाय आत गेले तरच एक प्रवेश. उजेड फार प्रखर असला की सगळेच बंद हातात दडतात, फार मंद असला की व्हेइकलचे उंदीरही उघड्या हातात हिंडतात आणि फरक दिसायला जागाच उरत नाही. प्रत्येक उंदरानंतर १० टक्के इथेनॉलने पुसून कोरडं करा. एक उंदीर मेझवर एकदाच : दुसऱ्या खेपेला डायझेपामचाही परिणाम दिसेनासा होतो.

नैराश्याच्या टेल सस्पेन्शन चाचणीसाठी (उंदराला शेपटीने लटकवतात; नैराश्यावरच्या औषधाने निश्चलता घटते) नवे उंदीर घ्या. शेपटीच्या टोकापासून १ सेंमीवर चिकटपट्टी, ६ मिनिटं लटकवणं आणि शेवटच्या ४ मिनिटांतली निश्चलता मोजणं. पट्टी फार टोकाला लावली तर सुटते, फार वर लावली तर काही उंदीर शेपटीवरून चढतात. चढलेल्यांचं काय करायचं ते प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा. आकडे पाहून ठरवणं ही लबाडी आहे. मोजणाऱ्याला कोणता गट ते ठाऊक नसावं.

हे सगळं ओपन फील्डशिवाय (मोकळ्या चौकटीत उंदराची हालचाल मोजण्याची चाचणी) अपुरं. त्याच डोसांवर चलनवलन मोजा. अर्काने उंदीर नुसताच चळवळ्या झाला असेल तर निश्चलता घटते आणि अर्क नैराश्यावर चालतो असं वाटतं. गुंगी आली असेल तर मेझमधले एकूण प्रवेशच घटतात, मग उघड्या हाताची टक्केवारी दोन-तीन प्रवेशांवर टेकलेली असते. २०० ला चांगला दिसलेला परिणाम ४०० ला उतरला, तर आधी गुंगीचाच संशय घ्या आणि ओपन फील्डचे आकडे शेजारी ठेवून पाहा.