ट्रॉम्सोचा नोव्हेंबर : उण्याला नव्हे, शून्याला घाबरा

ऑक्टोबर संपत आला की नव्या मुलांचे मेसेज सुरू होतात. ‘ताई, नोव्हेंबरात किती उणे जातं?’ ऑगस्टात उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला शिकायला आलेली ही मुलं तोवर दोन-चार डोंगर चढून आलेली असतात, घरी फोटो पाठवून झालेले असतात आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यात उणे पन्नासची भीती घातलेली असते. माझं उत्तर दरवर्षी तेच. उण्याचं राहू दे. पारा अधिक एक-दोनवर असेल त्या दिवशी पायात काय घालणार, ते सांग.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या उजव्या मनगटात एक धातूची पट्टी आहे, हवा बदलली की ती अजूनही ठणकते. परवाना, खोली, बँक, बसचं ॲप यावर मी लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. मला फक्त नोव्हेंबरबद्दल बोलायचं आहे.

आधी ते उणे पन्नास निकालात काढू. तो आकडा खोटा नाही, पण इथला नाही. नॉर्वेतली नीचांकी नोंद उणे ५१.४ अंशांची आहे, १ जानेवारी १८८६ची, आणि ती कारशोक या आतल्या पठारावरच्या गावातली. ट्रॉम्सो समुद्रात बसलेलं बेट आहे. आर्क्टिक वृत्ताच्या साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला असूनही अटलांटिकचं कोमट पाणी किनाऱ्याकिनाऱ्याने वर येतं, म्हणून बंदर गोठत नाही. इथे भर जानेवारीची सरासरी उणे तीन-चारच्या घरात असते, नोव्हेंबरची शून्याच्या आसपास. हे वाचून तुम्ही सुटकेचा श्वास सोडला असेल. मीही सोडला होता. चूक तिथेच झाली.

कारण नोव्हेंबरभर पारा शून्याच्या दोन्ही बाजूंना उड्या मारत असतो. आज उणे चार, उद्या अधिक चार, परवा परत उणे दोन. आणि उडी कुठल्या बाजूला पडणार हे वारा ठरवतो. म्हणून इथला अंदाज वाचताना मी तापमानाच्या आधी वाऱ्याचा बाण बघते. नैऋत्येचा वारा म्हणजे समुद्रावरची ऊब आणि पाऊस. वायव्येचा म्हणजे सरींवर सरी, कधी बर्फ, कधी गारा, मध्ये दहा मिनिटं निळं आभाळ, परत सर. आग्नेयेचा म्हणजे डोंगरापलीकडची कोरडी, गार हवा, स्वच्छ आकाश आणि ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे दिवे बघायला धावणारे पर्यटक. बहुतेक कमी दाबाचे पट्टे येताना ही रांग थोड्याफार फरकाने तशीच लावतात. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला हे शिकायला जड जात नाही. वारा फिरला की होड्या कधी ओढायच्या हे आमच्या शेजारचे काका आभाळाकडे बघून सांगायचे.

इथे सगळे ज्यावर विसंबतात ते ‘यर’ हे हवामान अंदाजाचं संकेतस्थळ नॉर्वेच्या हवामान संस्थेचं आणि एनआरके या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं, २००७ साली सुरू झालेलं. नॉर्वेजियनमध्ये ‘यर’ म्हणजे बारीक भुरभुर पाऊस. नावातच प्रामाणिकपणा आहे. पण त्यावरचा लाल-निळा आकडा जमिनीपासून दोन मीटर उंचीवरच्या हवेचा असतो. तुमचं डोकं त्या हवेत असतं. पाय जमिनीवर असतात. ही दोन वाक्यं कुणी मला ऑक्टोबरातच सांगितली असती तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

आता सापळा नीट समजून घ्या. कंटाळा आला तरी वाचा.

पहिल्यांदा बर्फ पडतो. सुंदर असतो, त्यावर पाय घसरतही नाही, कुरकुर आवाज होतो आणि तुम्ही म्हणता, एवढंच होय? दोन दिवसांत माणसं आणि गाड्या तो तुडवून घट्ट करतात आणि पदपथावर पांढरी फरशी तयार होते. मग वारा नैऋत्येला फिरतो, पारा अधिक तीनवर जातो, पाऊस येतो. आपल्याला वाटतं, गेला बर्फ. तो जात नाही. दाबलेला बर्फ पावसाने वरवर वितळतो, खालचा तसाच राहतो, आणि वितळलेलं पाणी त्याच्यावर तेलासारखं पसरतं. ओला बर्फ हा कोरड्या बर्फापेक्षा कितीतरी निसरडा. उणे बारावर तुम्ही त्याच रस्त्याने आरामात चालाल. पुढे रात्री आभाळ मोकळं होतं. मोकळ्या आभाळाखाली जमीन हवेपेक्षा लवकर निवते, म्हणून यरवर अधिक एक दिसत असताना पायाखाली काच झालेली असते. आणि शेवटचा दुष्टपणा म्हणजे पहाटे वायव्येची एक हलकी सर येऊन त्या काचेवर चिमूटभर भुसभुशीत बर्फ भुरभुरवून जाते. काच दिसतच नाही. या प्रकाराला इथले लोक ‘होल्के’ म्हणतात. बसमध्ये दोन म्हाताऱ्या एकमेकींना हा शब्द बोलताना ऐकू आल्या तर पुढच्या स्टॉपवर सांभाळून उतरा.

माझा दिवस असा होता : अधिक दोन, ढगाळ, वारा मंद. आईला फोनवर तेच सांगितलं, तीही म्हणाली, मग काय, महाबळेश्वरच की. सकाळी नऊला उतारावरून बस पकडायला निघाले. तीन थर कपडे, लोकरीची टोपी, हजारो क्रोनरचं जाकीट. पायात पुण्याहून आणलेले ट्रेकिंगचे बूट, ज्यांचा कडक रबरी तळवा थंडीत आणखी कडक होतो. आठवतं ते एवढंच की आभाळ एकदम समोर आलं.

मनगट मोडलं याचं दुःख आठवडाभराचं. खरं दुःख पुढचं. माझा विषय मासे. त्याच महिन्यात फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या खाडीत, नमुने गोळा करायला बोट जाणार होती आणि प्लास्टर घातलेल्या माणसाला डेकवर कोण घेईल? नमुने हुकले, शरदातले नमुने शरदातच मिळतात, प्रबंध एक वर्ष मागे गेला, त्या वर्षाचा खर्च बाबांनी आंब्याच्या पैशांतून भागवला. आणि मी शिकत होते तेव्हा युरोपबाहेरच्यांना फी नव्हती. २०२३च्या शरदापासून ती लागू झाली आहे, म्हणजे तुमचं एक वर्ष माझ्यापेक्षा कितीतरी महाग आहे. हे मी तुम्हाला घाबरवायलाच सांगते आहे.

उपाय? ब्रॉडर. बुटाच्या तळव्यावर रबराने ओढून बसवायचे लोखंडी दात. काही शे क्रोनरची वस्तू, खेळाच्या दुकानात मिळते, ऑक्टोबरच्या मध्यात घ्या कारण पहिल्या होल्केच्या दिवशी फळ्या रिकाम्या होतात. इथल्या गाड्यांना १६ ऑक्टोबरपासून खिळ्यांचे टायर लावायची मुभा आहे. गाडीला चार चाकं असून ती खिळे लावते. आपण दोन पायांचे, आणि आपल्याला लाज वाटते! हो, लाजच. ब्रॉडर म्हाताऱ्यांनी घालायचे असं पहिल्या वर्षी सगळ्यांना वाटतं. मीही ते दुकानात हातात घेऊन परत ठेवले होते.

दुसरा उपाय मला आजीने आधीच शिकवला होता, मीच विसरले होते. श्रावणात आमच्या विहिरीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढतं. आजी त्यावरून भरलेली कळशी घेऊन वर येते. पाऊल छोटं, सपाट, पूर्ण तळवा एकदम टेकलेला, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पायावर. टाच आधी टेकवलीत की गेलात. इथली शाळकरी मुलं पेंग्विनसारखं चाला म्हणतात, ते हेच. कोकणातल्या मुलांनो, तुम्हाला हे येतं. फक्त बर्फ बघितल्यावर आपल्याला वाटतं की हे काहीतरी परदेशी प्रकरण आहे, आणि पाय येत असलेली विद्या विसरतात. आणि हात खिशात नको. हातमोजे घाला, हात बाहेर ठेवा.

आता थोडं सल्ल्यांबद्दल. माझ्या आधी दोन वर्षं येऊन राहिलेल्या एका सिनियरने मला जाकिटावर तासभर प्रवचन दिलं होतं. पिसांची संख्या, टोपीची लोकर, कंपन्यांची तुलना. पायांबद्दल एक अक्षर नाही, कारण त्याची खोली विद्यापीठाला लागून होती. तो उतार त्याने कधी चाललाच नव्हता. तेव्हापासून माझा नियम असा की सल्ला देणारा राहतो कुठे ते आधी विचारायचं. ‘ट्रॉम्सोतली माझी पहिली थंडी’ छापाचे व्हिडिओही तसलेच, त्यात सगळं असतं, फक्त पडलेलं माणूस नसतं. त्यापेक्षा आपल्या जिन्यातल्या सत्तरीच्या बाईंना विचारा. तोडकंमोडकं नॉर्वेजियन चालेल. माझ्या शेजारच्या आजीबाई अजून सकाळी दार उघडून एक पाय बाहेर घासून बघतात आणि मग ठरवतात. इतका बिनचूक अंदाज मी कुठल्याच ॲपवर बघितला नाही.

वाऱ्याच्या आकड्यांचं चटकन सांगते. इथे वेग सेकंदाला मीटरमध्ये देतात, ३.६ने गुणा. पंधरा दिसले की साधे वाटतात, पण तो ताशी ५४ किलोमीटरचा वारा आहे आणि होल्केवर तो तुम्हाला उभ्याउभ्या ढकलत नेतो. ‘कुलिंग’ हा जोराच्या वाऱ्याचा शब्द १०.८पासून सुरू होतो. आकड्याशेजारी कंसात झोताचा वेग असतो, पुलावरून चालत जाणार असाल तर तो बघा. ट्रॉम्सोचा पूल किलोमीटरभर लांब आणि उंच आहे, तिथे आडोसा नाही.

लांबचा अंदाज मागू नका. नोव्हेंबर कसा जाईल, असं मला कुणी विचारलं की मी खांदे उडवते. तीन दिवसांवर विश्वास ठेवते, पाच दिवसांवर बेत करते, त्यापुढचं फक्त कल म्हणून बघते. त्यातही ध्रुवीय कमी दाब नावाचं एक कार्टं आहे. बर्फाच्या कडेवरून गार हवा कोमट समुद्रावर आली की काही शे किलोमीटरचं छोटं पण तापट वादळ तासांत उभं राहतं आणि बहुधा दिवसभरात विरतं. विमानं, फेरीबोटी, आमच्यासारख्यांच्या नमुन्यांच्या सफरी, सगळं त्याच्या मर्जीवर. नोव्हेंबरातल्या कुठल्याही प्रवासाला दोन दिवस मोकळे ठेवा. मुंबईची कनेक्टिंग फ्लाइट असेल तर तीन.

अंधाराबद्दल लोक फार लिहितात, मी थोडंच लिहिणार. नोव्हेंबरात दिवस रोज दहा-पंधरा मिनिटांनी आखडत जातो आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य क्षितिजाच्या खाली जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. डोंगर आडवे असल्यामुळे शहरातून तो दिसायला २१ जानेवारी उजाडते. रडू येतं. येऊ द्या, सगळ्यांना येतं, आणि जमिनीवर बर्फ टिकायला लागला की त्याच्या परतलेल्या उजेडाने बरंच सुसह्य होतं. पण पावसाने बर्फ वाहून गेलेले ते काळे दिवस, तेव्हा मात्र जाकिटावर परावर्तक पट्टी हवीच. गाडीचे दिवे खाली असतील तर गडद कपड्यातला माणूस चालकाला २५-३० मीटरवर दिसतो, परावर्तक असेल तर १४० मीटरवर. आणि निसरड्या रस्त्यावर गाडी थांबायलाही वेळ लागतो. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी असतात.

डोंगरवेड्यांसाठी एकच सूचना, कारण नोव्हेंबरातले पहिले बर्फाळ उतार फार बोलावतात. हिमकडे कोसळण्याचा रोजचा विभागवार इशारा १ डिसेंबरपासून सुरू होतो. त्याआधी इशारा दिसत नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे.

एवढं सगळं वाचून कुणी घाबरलं असेल तर थांबा. मी इथेच आहे, अजून. पुढच्या शरदात नमुने मिळाले, बोटीवर उलट्या झाल्या, प्रबंध झाला, नोकरीही इथेच लागली. नोव्हेंबर आता मला आवडतो म्हणणार नाही, पण ओळखीचा झाला आहे. बाण नैऋत्येकडून आला की आदल्या रात्रीच ब्रॉडर दाराशी काढून ठेवते.

हो, आणि दुकानात शिरताना ते काढायला विसरू नका. लोखंडी दात बर्फात रुततात, गुळगुळीत टाइल्सवर बर्फापेक्षा वाईट घसरतात. मी दुसऱ्यांदा पडले ती दुधाच्या कपाटासमोर, ब्रॉडर घालूनच. त्या वेळी फक्त अंडी फुटली.