गो कंपायलरचं पॅकेज अनेक प्रोसेसरसाठी कसं करावं

सोर्स उतरवणं, चेकसम तपासणं, डेबियनच्या पॅकेजचा सांगाडा उभा करणं तुम्हाला जमतं असं धरून चालतो.

खरी मेख बूटस्ट्रॅपमध्ये, म्हणजे कंपायलर पहिल्यांदा उभा करण्यात आहे. २०१५ च्या १.५ आवृत्तीपासून गो या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर गोमध्येच लिहिलेला आहे, म्हणजे गो बिल्ड करायला आधी गो हवा. तोही जुनापुराणा चालत नाही: १.२० ला किमान १.१७ लागतो, १.२२ ला १.२० आणि १.२४ ला १.२२. ‘सीमध्ये लिहिलेल्या १.४ पासून एकेक पायरी चढा’ हा सल्ला सर्रास मिळतो. एएमडी६४ वर, म्हणजे नेहमीच्या ६४-बिट पीसीवर, तो ठीक आहे. पण १.४ मध्ये रिस्क-व्ही प्रोसेसरचा आधार नव्हताच, एस३९०एक्सचा (आयबीएमच्या मेनफ्रेमचा) आला तो १.७ मध्ये. तिथे चढायला पहिली पायरीच नाही. त्यामुळे एएमडी६४ च्या मशीनवर गोओएस (कोणत्या सिस्टीमसाठी) लिनक्स आणि गोआर्च (कोणत्या प्रोसेसरसाठी) रिस्कव्ही६४ ठेवून सरळ गोच्या सोर्समधली बूटस्ट्रॅप डॉट बॅश ही स्क्रिप्ट चालवा.

त्या स्क्रिप्टमधून हातात आलेला टारबॉल तसाच पॅकेजमध्ये कोंबू नका. तो फक्त बियाणं आहे. तो टार्गेट मशीनवर न्या, गोरूट-बूटस्ट्रॅप (बिल्डसाठी कुठला गो वापरायचा ते सांगणारा व्हेरिएबल) त्याच्याकडे वळवा आणि मेक डॉट बॅशने सगळं नव्याने बिल्ड करा. क्रॉस-बिल्ड (एका प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी बिल्ड) सोपं जावं म्हणून सीगो, म्हणजे गोतून सी कोड वापरायची सोय, बंद ठेवायची सवय असते, पण मेक डॉट बॅशच्या वेळी सीगो-एनेबल्ड शून्य असेल तर तेच डीफॉल्ट म्हणून कंपायलरमध्ये कोरलं जातं. बिल्ड हिरवं दिसतं, टेस्टही पास होतात. मग कुणीतरी सीवर चालणारी एसक्यूलाइटची लायब्ररी वापरतो, त्याचा प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो आणि चालवल्यावर ‘सीगो लागतो’ म्हणून अडून बसतो. शिव्या पॅकेजवाल्याला! म्हणून इन्स्टॉल झाल्यावर, जीसीसी असलेल्या मशीनवर, गो एन्व्ह या कमांडला सीगो-एनेबल्डची किंमत विचारा. १ आलं तरच पुढे जा.

गोआर्म, म्हणजे ३२-बिट आर्म प्रोसेसरची पिढी, नेहमी स्वतः लिहा: डेबियनच्या आर्मेलला ५, आर्मएचएफला ७. पहिल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर आर्मव्ही६ आहे, त्याच्यावर ७ चं बायनरी सुरूच होत नाही. दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूएमूच्या यूजर-मोडमध्ये डीफॉल्ट सीपीयूवर ही चूक सापडणार नाही, कारण तो सीपीयू सगळं समजतो. मुद्दाम एआरएम११७६ हा पहिल्या पायचा सीपीयू निवडा. एएमडी६४ ला गोएएमडी६४ (सूचनासंचाची पातळी) व्ही१ ठेवा. व्ही३ चा मोह नको, त्याला लागणाऱ्या एव्हीएक्स२ सूचना जुन्या लॅपटॉपवर नसतात.

आर्किटेक्चरची गो आणि डेबियनमधली नावं जुळवा: गोचं पीपीसी६४एलई म्हणजे डेबियनचं पीपीसी६४ईएल, ३८६ म्हणजे आय३८६. स्टँडर्ड लायब्ररीचा सोर्स सगळ्या प्रोसेसरना चालणाऱ्या ‘ऑल’ पॅकेजमध्ये एकदाच टाका.

शेवटी प्रत्येक आर्किटेक्चरच्या खऱ्या हार्डवेअरवर पूर्ण टेस्ट चालवा. एस३९०एक्स बिग-एंडियन (मोठा बाइट आधी ठेवणारा) असल्याने बाइटच्या क्रमाचे घोळ तिथेच बाहेर येतात.