पहिली लांब पल्ल्याची टार्गेट रायफल : बेताच्या पैशांत काय घ्यावे, काय टाळावे

कोणती कंपनी, हा पहिला प्रश्नच नाही. वर्षभरात किती गोळ्या झाडणार, हा आहे. पाचशेच्या खाली लांब पल्ला अंगात मुरत नाही. हजार झाल्या तर उत्तम. त्या हजार काडतुसांचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत रायफल व स्कोप (वरची दुर्बीण) बसवा. बहुतेक जण नेमके उलटे करतात. सगळी रक्कम रायफलीत घालतात, उरल्यासुरल्या पैशांत स्कोप घेतात आणि मग महिन्याला एका खोक्यावर भागवतात. अशी रायफल कपाटातच शोभून दिसते.

परवाना, कुलूपबंद तिजोरी आणि निदान ६०० मीटरची रेंज, एवढे जमलेले आहे असे धरतो. रेंज २०० मीटरचीच असेल तर मोठे काडतूस घेऊ नका. छोट्या .२२ एलआर काडतुसाची चांगली बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची) रायफल घ्या. २०० मीटरवर ती वाऱ्यासाठी जेवढे क्लिक (स्कोपची कळ फिरवताना पडणारे टप्पे) मागते, तेवढे मोठी काडतुसे कित्येक पट अंतरावर मागतात. वारा वाचायला शिकायचे याहून स्वस्त साधन नाही.

काडतूस

६.५ क्रीडमूर. यावर रात्र-रात्र वाद घालण्यासारखे काही नाही. २००७ साली हे काडतूस टार्गेट नेमबाजी डोळ्यांपुढे ठेवूनच बाजारात आले. १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी हजार मीटरपलीकडेही ध्वनीपेक्षा वेगाने जाते, .३०८ पेक्षा वाऱ्यात बरीच कमी वाहते आणि धक्काही कमी देते. नवशिक्याला धक्का कमी असणे फार महत्त्वाचे, कारण गोळी कुठे पडली ते त्याला स्वतःच्या स्कोपमधून दिसायला हवे. उणीव एकच : नळी २००० ते ३००० गोळ्यांत उतरणीला लागते. .३०८ विंचेस्टरची नळी ५००० च्या घरात जाते. त्यामुळे तुमच्याकडे .३०८ ची चांगली काडतुसे बरीच स्वस्त मिळत असतील, तर ती खुशाल घ्या. मात्र १७५ ग्रेनची गोळी वापरा. १६८ ग्रेनची जुनी टार्गेट गोळी ९०० मीटरच्या आसपास ध्वनीच्या वेगाशी येते आणि डगमगते.

.३०० विंचेस्टर मॅग्नम पहिल्या रायफलीसाठी सुचवणाऱ्याचे पुढचे काहीच ऐकू नका. धक्का जबर, काडतूस महाग, आणि हजार-दीड हजार गोळ्यांत नळीचा घसा (काडतूस बसते त्या चेंबरच्या लगेच पुढचा भाग) खाल्लेला.

.२२३ ने ६०० मीटरपर्यंत मजेत सराव होतो आणि तो सर्वांत स्वस्तही पडतो. पण नळीवर कोरलेला ट्विस्ट, म्हणजे आतला पीळ, वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. ७७ ग्रेनच्या लांब गोळीला १:८ (दर ८ इंचांत एक वेढा) किंवा त्याहून घट्ट पीळ लागतो. शिकारीच्या जुन्या रायफलींत १:१२ असतो, तो ५५ ग्रेनला पुरतो. तिच्यातून ७७ ग्रेनची झाडली की कागदावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखी लांबट फट दिसते, कारण गोळी आडवी होऊन लागलेली असते. पीळ गोळीच्या लांबीवर ठरतो, वजनावर नव्हे. लांब गोळ्या जड असतात म्हणून लोक वजन बोलतात. ६.५ ला १:८ आणि .३०८ ला १:१० ते १:१२ बघा.

रायफल

होवा १५००, टिका टी३एक्स, सॅव्हेज ११०, बर्गारा बी-१४, रुगर अमेरिकन. यांपैकी जी जड नळीत आणि परवडणाऱ्या दरात मिळेल ती घ्या. यांच्यातला अचूकपणाचा फरक तुमच्या पहिल्या दोन हजार गोळ्यांत कागदावर उमटणारच नाही. फरक पडतो तो पुढच्या खर्चात. बर्गारा बी-१४ ला रेमिंग्टन ७०० च्या मापाचे स्टॉक (दस्ता) व ट्रिगर चालतात, त्यामुळे सुट्या भागांचा तुटवडा नाही. सॅव्हेजची नळी नटाने आवळलेली असते. झिजली की हेडस्पेसचे (बंद बोल्ट आणि चेंबरमधली काडतुसाची बैठक यांतल्या अंतराचे) गेज वापरून नवी बसवता येते आणि खराद्याचे काम वाचते.

नळी ६० ते ६६ सेंटिमीटरची, जाड. पातळ शिकारी नळी पाचव्या-सहाव्या गोळीला तापते आणि ग्रुप (कागदावरचा गोळ्यांचा पुंजका) सरकू लागतो. ट्रिगर एक ते दीड किलोवर स्वच्छ सुटला पाहिजे.

‘एक एमओएची हमी’ वाचून हुरळून जाऊ नका. एक एमओए (कोनाचे माप) म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर, आणि हमी सहसा तीन गोळ्यांची असते. तीन गोळ्या योगायोगानेही एकत्र पडतात. पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप काढा आणि त्यांतला सर्वांत मोठा धरा, कारण स्पर्धेत तोच वाट्याला येणार आहे.

दुकानात एक गोष्ट मात्र हातात घेऊन बघाच. कागदाची पट्टी दुहेरी घडी घालून नळी आणि स्टॉकच्या पुढच्या भागामध्ये सरकवा. चेंबरपर्यंत मोकळी गेली पाहिजे. आता रायफल बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) ठेवून खांद्याने पुढे रेटा आणि पट्टी पुन्हा ओढून बघा. स्वस्त प्लॅस्टिकचा स्टॉक इथे वाकतो, नळीला टेकतो आणि पट्टी अडकते. अशी रायफल वाळूच्या पिशवीवर एक ठिकाणी मारेल, बायपॉडवर दुसरीकडे, आणि तुम्ही स्कोपला शिव्या द्याल.

जुनी रायफल घेत असाल तर नळीच्या तोंडाशी कापसाची काडी आतून बाहेर फिरवा. धागा अडकला तर कड दुखावलेली आहे. ते दुरुस्त होते, पण पैसे कमी करून घ्या. बोअरस्कोपने घसा बघा. सुकलेल्या तळ्याच्या भेगांसारखी जाळी चेंबरपुढे लांबवर गेली असेल तर नव्या नळीचा खर्च धरूनच भाव करा. हेडस्पेस जाणत्या कारागिराकडून तपासून घ्या.

स्कोपचा चढ : इथेच सगळे फसतात

रायफल उत्तम, काडतूस उत्तम, आणि ८०० मीटरवर टरेट (नेम वर-खाली करायची स्कोपवरची कळ) फिरता फिरता कट्कन थांबते. पुढे चढच नाही. स्कोप घेताना लोक झूम आणि काचेची चमक बघतात. एकूण चढ किती आणि त्यातला हाती किती येतो, हे विचारत नाहीत. हा हिशेब एकदा कागदावर नीट मांडा.

समजा स्कोपच्या माहितीपत्रकात एकूण उभा प्रवास १८ मिल लिहिला आहे. (एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर.) यातला अर्धा वर, अर्धा खाली. म्हणजे सपाट रेलवर (स्कोप जिच्यावर बसतो ती पट्टी) तुमच्या हाती ९ मिल येतात. तेही पूर्ण नाहीत. स्कोप नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसलेला असतो आणि १०० मीटरला पोचेपर्यंत गोळी सातआठ सेंटिमीटर खाली आलेली असते. हे भरून १०० मीटरला झिरो करण्यातच, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडेल असे जुळवण्यातच, साधारण सव्वा मिल जातो. उरले पावणेआठ. ६.५ क्रीडमूरला १००० मीटरसाठी सुमारे साडेदहा मिल लागतात, .३०८ ला पावणेचौदाच्या आसपास. बसली खीळ.

उपाय साधा आहे : मागून उंच, पुढे उतरती रेल. २० एमओएची रेल म्हणजे ५.८ मिलची भर. पावणेआठ अधिक ५.८ म्हणजे साडेतेरा. ६.५ ला ऐसपैस, .३०८ ला काठावर. मग ‘अजून जास्तीची घेतो’ म्हणून ४० एमओएची रेल लावणारे भेटतात. तिचे होतात ११.६ मिल. या स्कोपला १०० मीटरवर झिरो करायला खालच्या बाजूला जास्तीत जास्त सव्वादहा मिल उपलब्ध आहेत. म्हणजे स्कोप तळाला टेकला तरी गोळी वरच लागणार आणि १०० मीटरचा झिरो कधीच होणार नाही. ३० ची रेल कशीबशी बसते. पहिल्या रायफलीला २० घ्या आणि विषय संपवा. रायफलीसोबत आलेली रेल सपाट आहे की उतरती, हे विचारून घ्या; दिसायला दोन्ही सारख्याच. आणि ती उलटी बसवू नका. जाड टोक डोळ्याकडे. उलटी बसली तर ५.८ मिल मिळण्याऐवजी जातात, आणि असे होते, नेहमी होते.

माहितीपत्रकावर विसंबूनही राहू नका. टरेट तळाला टेकवा, मग क्लिक मोजत टोकापर्यंत चढवा. ०.१ मिलच्या क्लिकने १८० भरले पाहिजेत. रायफलीवर बसवून १०० मीटरला झिरो केलात की पुन्हा मोजा : वर किती उरले? हिशेबापेक्षा वीस-पंचवीस क्लिक कमी भरले तर रिंग (स्कोप धरणारी कडी) किंवा रेल वाकडी बसली आहे. खोलून बघा, रेलखाली रंगाचा थर किंवा कचरा सापडतो.

आणखी एक खाच. चढाच्या अगदी टोकाला डावे-उजवे फिरणे कमी होते, कारण आतली नळी गोल जागेत फिरते आणि वरच्या कडेला तिला बाजूला सरकायला जागा नसते. म्हणून गरजेपेक्षा दोन मिल तरी जास्त हवेत. चढ मोजून मापून पुरणारा स्कोप वाऱ्याच्या दिवशी दगा देतो.

बाकी स्कोपचे चटकन सांगतो. नळी ३० मिमी. झूम ४–१६ पुरे. २५ पटीवर तापलेल्या हवेची लहर तेवढी मोठी दिसते. रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा-ठिपके) आणि टरेट दोन्ही मिलमध्ये किंवा दोन्ही एमओएमध्ये. मिलच्या ठिपक्यांवर एमओएचे टरेट बसवलेले स्वस्त स्कोप अजून विकले जातात, ते फुकट मिळाले तरी नको. पॅरॅलॅक्सची (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो, तो दोष घालवायची) वेगळी कळ हवी. फर्स्ट फोकल प्लेन (झूमबरोबर रेटिकलही लहानमोठे होते असा स्कोप) असेल तर चांगले. बजेट ताणत असेल तर सेकंड फोकल प्लेनवर (रेटिकल तेवढेच राहते) भागते, फक्त रेटिकलने माप घेताना माहितीपत्रकात दिलेल्या झूमवरच घ्या.

बसवणे आणि शेवटची तपासणी

रिंगचे स्क्रू टॉर्क रेंचने सुमारे २ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजाने आवळलेत तर स्कोपची नळी चेपते आणि पॅरॅलॅक्सची कळ जड होते. ॲक्शनचे (बोल्ट ज्यात फिरतो तो भाग) स्टॉकला धरणारे स्क्रू ॲल्युमिनियमच्या पायावर ७ न्यूटन-मीटरच्या आसपास. लाकडी स्टॉकला कंपनीने दिलेला आकडाच, लाकूड दबते.

रेटिकल ओळंब्याशी जुळवा आणि स्कोपवर लहानशी पाणसळ लावा. रायफल एक अंश जरी कलली तरी साडेदहा मिलच्या चढावर १००० मीटरला गोळी सुमारे १८ सेंटिमीटर बाजूला जाते, आणि तुम्ही ते वाऱ्याच्या नावावर खपवता.

आता १०० मीटरवर सव्वा मीटर उंचीचा पुठ्ठा लावा, ओळंबा सोडून त्यावर उभी रेघ मारा. अंतर फीत धरून मोजा, अंदाजाने नको. खालच्या बिंदूवर पाच गोळ्या झाडा. नेम त्याच बिंदूवर ठेवून टरेट १० मिल चढवा, पुन्हा पाच. दोन्ही ग्रुपच्या मध्यांतले अंतर १०० सेंटिमीटर भरले पाहिजे. ९७ भरले तर स्कोप ३ टक्के कमी चढतो आहे : साडेदहा मिलला ०.३ मिलची चूक, १००० मीटरवर ३० सेंटिमीटरहून जास्त. चूक दर वेळी तेवढीच येत असेल तर बॅलिस्टिक ॲपमध्ये तो गुणक भरून काम चालते. वरचा ग्रुप रेघेवरून बाजूला सरकला असेल तर आधी रेटिकलचा कल पुन्हा जुळवा. झिरोवर परत येऊन झाडलेल्या गोळ्या मूळ ग्रुपमध्ये पडल्या नाहीत, तर तो स्कोप परत करा. आणि ही सगळी तपासणी परत करायची मुदत संपण्याआधी उरका.