इनस्क्रिप्ट शिकताय? स्टिकर नको

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट ही की-बोर्डची मांडणी निवडलीत, तर की-बोर्डवर अक्षरांचे स्टिकर चिकटवू नका. मी चिकटवले होते. नजर खालीच राहिली आणि वेग काही वाढेना. शेवटी ते खरवडून काढले (डिंक मात्र अजून बोटांना लागतो) आणि मांडणीचा छापील तक्ता स्क्रीनशेजारी लावला.

मांडणी पाठ करायला सोपी आहे. स्वर नि काना-मात्रा डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे. म, न, व तेवढे डाव्या हाताला खालच्या ओळीत. ‘के’ दाबला की क, शिफ्ट धरून ख. ग-घ, त-थ, प-फ यांचंही तसंच. पाय मोडायला ‘डी’.

खरी मजा ‘जे’वर आहे. साधा दाबला की र, शिफ्टसह ऱ. आचार्यांना बोलवायचंय तर ‘जे’, ‘डी’ आणि य. आचाऱ्यांना बोलवायचंय तर तेच, फक्त ‘जे’ला शिफ्ट. हे हाताला बसलं की ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ लिहिताना अडत नाही.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. पण त्या काळात रोमन अक्षरांतून मराठी टाइप करायची जुनी पद्धत बंदच ठेवा, नाहीतर बोटं गोंधळतात.