दवाखान्याच्या आधी रेशनकार्ड उघडा

मी पर्वतीच्या जनता वसाहतीत आशाताई म्हणून काम करते. रात्री कुणाच्या छातीत कळ आली की फोन येतो, आणि मी आधी विचारते, "रेशनकार्ड कुठंय?"

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. २०२३ मध्ये राज्य सरकारने पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशनकार्डांना ती लागू करायचं ठरवलं. तरी बायका मंगळसूत्र गहाण ठेवतात. आमच्याच घरी ठेवलं. सासूबाई कार्डावर सोनाबाई, आधारवर सोनुबाई. एका अक्षरापायी दोन दिवस गेले, ६० हजार भरले.

म्हणून घरात सगळे धडधाकट असतानाच कार्ड आणि आधार शेजारी ठेवून एकेक नाव वाचा. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच राहतं. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणून इथे चढवा. बाळाचं नाव जन्मदाखल्यावरून लगेच घाला, शाळेपर्यंत थांबू नका. मग सेवा केंद्रात केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करून प्रत्येकाचं योजनेचं आयुष्मान कार्ड काढा. सत्तरी ओलांडलेल्यांच्या आयुष्मान कार्डाला उत्पन्नाची अट नाही.

भरती करताना दोन प्रश्न विचारा: दवाखाना योजनेत आहे का, आणि या आजारासाठी आहे का? हृदयासाठी असलेला दवाखाना हाडांसाठी असेलच असं नाही. शंका आली तर तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन लावा. डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. नोंदणी तोच करतो, मग मंजुरीचे कागद दवाखाना पाठवतो. पेशंट अत्यवस्थ असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून दिले तरी चालतात. हे ठामपणे सांगा. आधी पैसे भरलेत तर परत मिळवताना जीव जातो.

योजनेत बसलं नाही तर धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे जा. कायद्याने तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार आणि दुर्बलांना ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आत्ताच काढून ठेवा.

बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या मात्र योजनेत नाहीत, आणि मला हे फार खुपतं. गोळ्या परवडत नाहीत म्हणून सोडणारी माणसंच पुढे भरती होतात. त्यासाठी महापालिकेच्या दवाखान्यात नाहीतर ससूनला जा. केसपेपर जपून ठेवा.