कँडी, स्वीट्स, लॉली, टॉफी: कुठल्या देशात काय म्हणायचं

पोरांना घेऊन परदेशी जाताय ना, मग गोळ्या-चॉकलेटचे शब्द आधी पक्के करून घ्या, कारण बोलतात सगळे इंग्लिशच पण अर्थ देशागणिक बदलतो. मेलबर्नला लेकीच्या शाळेतून निरोप आला की वाढदिवसाला लॉलीज पाठवू नका, मला वाटलं काडीवालं लॉलीपॉप नको म्हणतायत, म्हणून मी रंगीत जेलीच्या गोळ्या डबा भरून दिल्या आणि संध्याकाळी डबा तसाच परत, लेक रडवेली. तिकडे लॉली म्हणजे कुठलीही गोळी, काडी असो नसो.

इंग्लंडला गेलात तर गोळ्यांना स्वीट्स म्हणा. आपल्या डोक्यात स्वीट्स म्हटलं की पेढे-बर्फी येतात, ते हवं असेल तर इंडियन स्वीट्स असं स्पष्ट विचारायचं. जेवणानंतरचं गोड म्हणजे पुडिंग, मग तो केक का असेना.

अमेरिकेत कँडी. त्यात गोळ्या आल्याच, पण चॉकलेटचे बारसुद्धा कँडीच, हॅलोविनला दारात पोरं येतात त्यांना हेच द्यायचं. (हा शब्द मूळचा आपलाच बरं का, संस्कृत खंड, फारसीत कंद, मग अरबी-फ्रेंच फिरून इंग्लिशमध्ये गेला, मला याचं फार कौतुक वाटतं.) आपण गारेगार काडीला कँडी म्हणतो, ती मात्र अमेरिकेत पॉप्सिकल, इंग्लंडात आइस लॉली, ऑस्ट्रेलियात आइसी पोल. बुढ्ढी के बाल हवे तर अमेरिकेत कॉटन कँडी, इंग्लंडात कँडीफ्लॉस, ऑस्ट्रेलियात फेअरी फ्लॉस.

टॉफीचं जरा सांभाळून. आपल्याकडे कागदात गुंडाळलेली कुठलीही गोळी टॉफी, पण तिकडे टॉफी म्हणजे साखर आणि लोणी आटवून केलेली, त्यामुळे पोराला दुधाची अॅलर्जी असेल तर नक्की विचारा. स्मार्टीजचंही तसंच, इंग्लंडात ती आपल्या जेम्ससारखी आतून चॉकलेट आणि अमेरिकेत त्याच नावाने आंबटगोड चकत्या मिळतात, चॉकलेटचा पत्ताच नाही.

आणि शाकाहारी असाल तर नाव काहीही असू दे, पाकीट उलटं करून जिलेटीन लिहिलंय का ते बघा, जेलीच्या गोळ्यांत बहुतेक वेळा असतंच आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. पेक्टिनवाली मिळाली तर बिनधास्त घ्या, पेक्टिन फळांपासून येतं.